प्रस्तावनेत स्वतःचाच मृत्यू सांगणारा नाटककार

प्रश्न : शेक्सपिअरची नाटके त्याने लिहिलीच नाहीत, कुणा सरदाराने लिहून त्याच्या नावावर खपवली, असे वाचनात आले. यात तथ्य किती? आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या नाटककाराबद्दल असा वाद झाला आहे का? आणि नाटक चांगले असेल तर ते कुणी लिहिले याने फरक तरी काय पडतो?
– एक वाचक, वैराग (ता. बार्शी, जि. सोलापूर)

उत्तर : शेक्सपिअरपुरते उत्तर थोडक्यात देता येते. नाटके त्याचीच आहेत. काही त्याने दुसऱ्यांबरोबर मिळून लिहिली, आणि हे अभ्यासक आता उघडपणे मान्य करतात. ऑक्सफर्डच्या २०१६ च्या आवृत्तीत ‘सहावा हेन्री’ या नाटकांवर त्याच्या समकालीन नाटककार मार्लोचे नाव सहलेखक म्हणून छापले आहे. पण ‘मुळात तो लेखकच नव्हता’ हा पक्ष पुराव्यावर उभा नाही. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, हेमिंग्ज आणि काँडेल या त्याच्या सोबतच्या दोन नटांनी नाटके एकत्र करून छापली. त्याला जवळून ओळखणाऱ्या बेन जॉन्सनने त्या ग्रंथासाठी कविता लिहिली. संशयाचे पुस्तक आले ते १८५७ साली, डीलिया बेकन या बाईंचे. पुढे १९२० मध्ये लूनी नावाच्या शिक्षकाने ऑक्सफर्डच्या अर्लचे नाव पुढे केले. तो अर्ल १६०४ मध्येच वारला होता आणि ‘टेम्पेस्ट’ तर १६१०-११ च्या सुमाराचे.

तरी हा संशय टिकून राहतो, कारण त्याच्या मुळाशी एक समजूत आहे : हातमोजे करणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला, राजदरबाराबद्दल आणि कायद्याबद्दल इतके लिहीलच कसे? ही समजूत मला मनापासून अमान्य आहे. तुमच्याच जिल्ह्यात, पंढरपूरच्या महाद्वारी, चोखोबांची समाधी आहे. जन्मावरून माणसाच्या वाणीचा अंदाज बांधायचा नसतो, हे तिथल्या वारकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्याकडचा वाद याहून खरा आहे आणि तो पूर्णपणे सुटलेला नाही. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत ‘झुंझारराव’ म्हणून आणला आणि संस्कृत ‘मृच्छकटिक’ही संगीत नाटक करून मराठी रंगभूमीवर आणले. त्या दुसऱ्या नाटकामागेच आपला वाद उभा आहे.

मूळ ‘मृच्छकटिक’ दहा अंकांचे. प्रस्तावनेत सूत्रधार कवीची ओळख करून देतो : राजा शूद्रक, ऋग्वेद आणि सामवेद जाणणारा, गणित आणि हत्तींची विद्या येणारा. त्याने अश्वमेध केला, तो शंभर वर्षे दहा दिवस जगला आणि मग अग्नीत प्रवेश केला. म्हणजे नाटककार आपल्याच नाटकाच्या आरंभी आपला मृत्यू सांगतो! हे श्लोक दुसऱ्या कुणीतरी घातलेले असणार, हे उघड आहे. पण मग नाटकही त्याच ‘दुसऱ्या कुणाचे’ नाही कशावरून? राजाचे नाव लावून कुणा आश्रित कवीने लिहिले असेल, असे म्हणणारे बरेच निघाले. शूद्रक नावाचा राजा खरोखर होऊन गेला का, यावरही एकमत नाही.

या प्रश्नाला वेगळे वळण केरळातून मिळाले. भासाचे नाव सगळ्यांना ठाऊक होते. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत जुन्या नावाजलेल्या नाटककारांत त्याला पहिले घेतले आहे. त्याचे नाटक मात्र कुणीच पाहिलेले नव्हते. १९०९ मध्ये त्रावणकोर संस्थानातले त. गणपतिशास्त्री पोथ्या शोधत हिंडत होते. पद्मनाभपुरम्‌जवळच्या मणलिक्कर मठात त्यांना मल्याळम लिपीतली ताडपत्रांची पोथी मिळाली आणि तीत एकामागून एक नाटके निघाली. आणखी काही पुढे मिळाली, एकूण तेरा झाली. १९१२ पासून ती त्रिवेंद्रम संस्कृत मालेत ‘भासाची नाटके’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांत ‘स्वप्नवासवदत्त’ होते, दुर्योधनाला रंगमंचावर मरताना दाखवणारे ‘ऊरुभंग’ होते आणि ‘चारुदत्त’ नावाचे चार अंकांचे नाटकही होते. हे ‘चारुदत्त’ वाचताना प्रत्येक अभ्यासक थबकला असणार, कारण ते ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या चार अंकांशी जागोजाग शब्दशः जुळते.

अडचण अशी की त्या पोथ्यांत भासाचे नाव कुठेच नाही. संस्कृत नाटकात प्रस्तावनेतच कवीचे नाव येते, इथे एकाही नाटकात ते नाही. गणपतिशास्त्र्यांचा युक्तिवाद असा होता : तेराही नाटकांची घडण सारखी आहे. सगळी सूत्रधाराच्या प्रवेशाने सुरू होतात, आणि भासाची नाटके सूत्रधारापासून सुरू होतात असे बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त म्हटले आहे. ‘स्वप्नवासवदत्त’ भासाचे, असे राजशेखराच्या नावावर चालत आलेले वचन सांगते. म्हणून हे भासाचे, आणि सारखेपणामुळे बाकीचीही त्याचीच.

मराठी विद्वानांनी हे मुकाट मान्य केले नाही. ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात यावर वाद झडला. पुढे धर्मशास्त्राच्या इतिहासामुळे भारतरत्न झालेले पां. वा. काणे या नाटकांचे भासकर्तृत्व नाकारणाऱ्यांत होते. त्यांच्या पक्षाचे मुद्दे हलके नव्हते. सूत्रधारापासून सुरुवात ही दक्षिणेकडच्या पोथ्यांची पद्धतच दिसते, पल्लव राजा महेंद्रवर्म्याच्या ‘मत्तविलास’ प्रहसनातही ती आहे. मग ती खूण एकट्या भासाची कशी? दुसरे असे की साहित्यशास्त्राच्या एका जुन्या ग्रंथात भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’तला म्हणून एक श्लोक दिला आहे, तो केरळच्या प्रतीत सापडत नाही. शेफालिकेची फुले आणि शिलासन असलेला त्या जागेचा प्रवेश मात्र प्रतीत आहे. केरळात चाक्यार नट शतकानुशतके संस्कृत नाटके करीत आले आहेत. त्यांनी प्रयोगाच्या सोयीने जुन्या नाटकांना कात्री लावली, कवीचे नाव गळाले, प्रस्तावना आखूड झाली, असे मानले तर दोन्ही बाजूंच्या बऱ्याच गोष्टी जुळतात.

या वादातले मला सर्वांत आदरणीय वाटणारे नाव विष्णु सीताराम सुखठणकरांचे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे ते १९२५ पासून प्रमुख संपादक होते. त्याआधी काही वर्षे त्यांनी भासाच्या नाटकांवर लेखमाला लिहिली. गर्दी दोन्ही बाजूंना आवेशाने बोलत असताना सुखठणकर एकेक ओळ मोजत बसले. ‘चारुदत्त’ आणि ‘मृच्छकटिक’ समोरासमोर ठेवून त्यांनी चार कसोट्या लावल्या : नाट्यरचनेची तंत्रे, प्राकृत भाषा, वृत्ते आणि प्रसंगांची मांडणी. ‘चारुदत्ता’तले प्राकृत जुन्या वळणाचे निघाले. त्यातले अवघडलेले श्लोक ‘मृच्छकटिका’त सफाईदार झालेले दिसले, प्रसंगांतले कच्चे दुवेही तिथे दुरुस्त झालेले दिसले. एखाद्याने चांगले नाटक मोडून मुद्दाम वाईट केले, असे मानण्यापेक्षा कुणीतरी जुने नाटक घेऊन ते सुधारले, हे अधिक संभवते. त्यांनी निष्कर्षही बेताचाच काढला : ‘चारुदत्त’ हेच मूळ आहे असे नाही, पण ‘मृच्छकटिक’ ज्यावरून झाले त्या मूळ नाटकाचा बराच भाग ‘चारुदत्ता’त टिकून आहे. भास लेखक की नाही, यावर त्यांनी घाईने होकार किंवा नकार दिला नाही. पुढे पुण्याचे चिं. रा. देवधर यांनी १९२७ मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच त्यांनी ही नाटके ‘भासाची’ न म्हणता ‘भासाला लावलेली’ म्हटली. तेराही नाटकांची त्यांची एकत्र आवृत्ती, ‘भासनाटकचक्रम्’, अजून अभ्यासकांच्या हाती असते.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. फरक पडतो, आणि तो ‘मृच्छकटिका’तच दाखवता येतो. ‘चारुदत्त’ संपते तिथे नायिका वसंतसेना चारुदत्ताकडे जायला निघालेली असते. आर्यकाचे बंड, पालक राजाचा पाडाव, चारुदत्ताच्या मुलाची, रोहसेनाची, मातीची गाडी, चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेण्याचा प्रसंग, यातले काहीच त्यात नाही. मूळ नाटककाराचे पुढचे अंक हरवले असतील, ही शक्यता आहेच. पण तसे नसेल, तर एका प्रेमकथेला राज्यक्रांतीची जोड देणारा आणि ज्या गाडीवरून नाटकाला नाव मिळाले तो प्रसंग रचणारा कवी वेगळा आहे. त्याला आपण शूद्रक म्हणतो. तो राजा असो की राजाश्रयातला कुणी गरीब माणूस, ही कामगिरी त्याच्या पदरात पडली पाहिजे. सगळे श्रेय भासाला दिले तर शूद्रकावर अन्याय होतो, आणि सगळे शूद्रकाला दिले तर मूळ नाटककारावर.

पंढरपूरलाही हाच प्रश्न आहे. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळलेले आहेत, कारण दोघांचीही मुद्रा ‘नामा’. विष्णुदास नाम्याने मराठी ओव्यांत महाभारत रचले आहे, पण गाथेत तो नामदेवांच्या आड झाकला जातो. तो वेगळा काढला म्हणून नामदेवांचे काहीच कमी होत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ‘स्वप्नवासवदत्ता’चा गाभा भासाचा आहे, असे मी मानतो. बाकीच्या बारांबद्दल मी देवधरांचाच शब्द वापरीन. संधी मिळाली तर ‘चारुदत्त’ आणि ‘मृच्छकटिका’चे पहिले चार अंक शेजारी ठेवून वाचा, मराठी भाषांतरात वाचले तरी चालेल. चोर घर फोडतो तो तिसरा अंक आधी घ्या. ‘चारुदत्ता’त त्याचे नाव सज्जलक आहे, ‘मृच्छकटिका’त शर्विलक.