मिठागराच्या कडू पाण्यातून पोटॅश मिळेल का?

प्रश्न : आमचं उरणजवळ मिठागर आहे. मीठ ओढून घेतल्यावर उरणारं कडू पाणी आम्ही खाडीत सोडतो. त्यातून पोटॅश काढता येईल का?

उत्तर : येईल, पण नुसत्या उन्हाच्या जोरावर नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात पोटॅशियम जेमतेम ०.४ ग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम. मीठ बसून गेलं की दोन्ही त्या कडू पाण्यात साठतात. खरा अडथळा आहे सल्फेटचा. त्यामुळे पाणी आटवलं की सगळे क्षार मिसळूनच खाली बसतात. म्हणून आधी त्यात कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण घालतात. सल्फेट जिप्सम होऊन तळाशी जातं. मग आटवलं की कार्नेलाइट, म्हणजे पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचं जोडक्लोराइड, स्फटिकरूपात मिळतं. त्यावर बेतानं थंड पाणी टाकलं की मॅग्नेशियम क्लोराइड विरघळतं आणि पोटॅश बरंचसं मागे राहतं. मॅग्नेशियमच्या द्रावणात विरवलेला चुना कालवला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बसतो. वर राहतं कॅल्शियम क्लोराइड, तेच पुन्हा पहिल्या पायरीला वापरायचं! ही साखळी मला फार सुंदर वाटते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं या वाटेवर मोलाचं काम केलं आहे.

मात्र मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा शोषतं. कोकणच्या दमट हवेत शेवटचं आटवणं रखडतं. कच्छची कोरडी हवा त्याला मानवते. एकट्या आगराला हा खर्च झेपणार नाही. शेजारच्या आगरवाल्यांना सोबत घ्या, पाण्याचं पृथक्करण करून घ्या आणि मगच संस्थेशी बोला. तोवर ते कडू पाणी खत समजून शेतात मुळीच सोडू नका.