एका अक्षराची चूक

फळ्यावरील पाठ वहींत उतरून घेतांना एखादें अक्षर चुकतें. आणि त्या वहीवरून दुसऱ्यानें नक्कल केली, तर तीच चूक त्याच्याही वहींत जाते. आपल्या शरीरांतही असें लेखन अहोरात्र चालूं आहे.

पेशीच्या केंद्रांत डीएनए नांवाचा दुपदरी धागा असतो. त्याची रचना 1953 सालीं वॉटसन व क्रिक यांनीं उलगडली. पीळ दिलेल्या सुताप्रमाणें त्याचे दोन पदर एकमेकांभोंवतीं वेटाळलेले असून त्यांवर 'ए', 'टी', 'जी', 'सी' अशीं चार अक्षरें असतात. 'ए'समोर 'टी' व 'जी'समोर 'सी' हा नियम. पेशीचे दोन भाग होण्यापूर्वीं हा पीळ उकलतो. प्रत्येक जुन्या पदरासमोर नियमानें नवा पदर जुळतो, आणि एकाचे दोन धागे होतात. प्रत्येकांत एक पदर जुना व एक नवा असतो, हें 1958 सालीं मेसेल्सन व स्टाल यांनीं प्रयोगानें दाखविलें. मनुष्याच्या पेशींत अशा सुमारें सहा अब्ज अक्षरजोड्या आहेत. अक्षरें जुळविणारें प्रथिन आपली चूक स्वतःच खोडतें. म्हणून चुका फारच थोड्या उरतात.

परंतु एखादी उरलीच तर? आपल्या विदर्भांत व सातपुड्याच्या पट्ट्यांत आढळणारा सिकलसेल हा विकार पाहा. हिमोग्लोबिनाच्या लेखांत एका ठिकाणीं 'ए'च्या जागीं 'टी' आला आहे, एवढेंच. त्यामुळें तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वांकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात व हाडें ठणकतात. ही चूक आजची नव्हे. हजारों वर्षांपूर्वींची ती, पुढील प्रत्येक नकलेंत मूळ म्हणूनच इमानानें उतरली गेली.

म्हणून अशा मुलाच्या आईस बोल लावणें हा अन्याय होय. आईकडून एक व वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रतींत ही चूक आली म्हणजे हा रोग होतो. एकच सदोष प्रत असलेला वाहक सहसा निरोगी असतो. मात्र दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास रोगाचा संभव चारांत एक असतो. साध्या रक्ततपासणीनें हें विवाहापूर्वींच कळतें. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजीं सुरू झाली. पालकांनीं तपासणीस संकोच करूं नये.

आम्हां शिक्षकांचेंही कर्तव्य आहे. असें मूल खेळाच्या तासास बसून राहिलें, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं आम्हीं कारण विचारावें. आणि त्यानें पुनःपुन्हां पाणी पिण्यास जाऊं म्हटलें, तर त्यास अडवूं नये.