बापाची तलवार : ‘फकिरा’ आणि वंशपरंपरेचें वैर

विट्याच्या विद्यार्थ्यास वाटेगांव परकें नाहीं. विटें खानापूर तालुक्यांत, वाटेगांव वाळवें तालुक्यांत. १९४९ पर्यंत दोन्ही गांवें सातारा जिल्ह्यांतच मोडत होतीं. त्या वाटेगांवीं १९२० सालीं जन्मलेले व शाळेंत जेमतेम दीड दिवस बसलेले अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली आणि १९६३ सालीं तिच्यावरून बोलपट निघाला. ग्रामीण बोलपटांत कुऱ्हाडी-तलवारी पुष्कळ चालतात. त्या कोणीं कोणाच्या हातीं दिल्या, हा विचार मात्र क्वचितच आढळतो. या कथेंत तो आहे, म्हणून ती अभ्यासास घेण्याजोगी वाटते.

कथेच्या मुळाशीं जोगिणीची चाल आहे. जेथें जोगिणी, तेथें जत्रा. दुसऱ्या गांवच्या वीरानें ती हिसकून आपल्या शिवेंत नेली, तर जत्रेचा मान त्या गांवास जावयाचा. नेणारा शिवेच्या आंत सांपडला तर त्याचा वध. शीव ओलांडल्यावर त्याच्या केसासही धक्का लावावयाचा नाहीं, असा दंडक. वाटेगांवचा राणोजी शिगांवची जोगिणी घेऊन शिवेपार होतो. तरीही बापू खोत पाठलाग करून त्यास मारतो. येथें वाचकानें क्षणभर थांबावें. खोतास देवीचा मान गेल्याचा संताप आहे. परंतु देवीच्याच नांवानें घातलेली मर्यादा त्याच संतापांत तो मोडतो. धर्मवेडाची खूण मला तरी हीच दिसते.

बाप गेला, तलवार मागें राहिली. ती फकिराकडे आली. पुढें शिगांवकर जोगिणी परत न्यावयास चालून येतात, तेव्हां त्यांचा म्होरक्या फकिराच्या तावडींत सांपडतो. चालीप्रमाणें त्याचें मुंडकें उतरावयाचें. फकिरा मनगटावर वार करतो आणि जीव सोडतो. ही दया पुरी नव्हे, हात तर गेलाच. तथापि एका पिढीचें देणें दुसऱ्या पिढीनें प्राणानेंच फेडावें, ही रीत तेथें प्रथम खंडित होते.

प्रभातच्या ‘शेजारी’ (१९४१) या व्ही. शांताराम यांच्या बोलपटांत जिवबा व मिर्झा या जिवलग मित्रांत बाहेरचा ठेकेदार फूट पाडतो. तेथें दोष पाहुण्यावर टाकून गांवास मोकळें होतां येतें. ‘फकिरा’ ती सोय ठेवीत नाहीं; वैर गांवचेंच, आणि वतनासारखें वारसानें आलेलें.

इंग्रज सरकारचें म्हणणें याहून निराळें होतें. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक जातींस जन्मतःच गुन्हेगार मानलें व त्यांजवर हजेरी बसविली. हा कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. फकिराचे भाऊबंद त्याच हजेरींत अडकलेले आहेत. दुष्काळांत माणसें उपाशी मरूं लागतात, तेव्हां तो धान्य लुटतो, खजिना लुटतो. सरकारास यांत रक्ताचा दोष दिसतो. रिकामी चूल दिसत नाहीं. पुढें सरकार त्याच्या नातलगांस कोंडून ठेवतें. तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं फकिरा स्वतः चालत येऊन सरकारच्या स्वाधीन होतो.