आधी पाइप, मग वाय-फाय

पाऊण-एक इंची पीव्हीसी पाइप डोंबिवलीच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरला तीस-चाळीस रुपयांना मिळतो. भिंत उघडी असताना तो टाकणं हे इलेक्ट्रिशियनचं थोड्या वेळाचं काम. तेच रंग, पॉलिश, वॉर्डरोब सगळं झाल्यावर करायचं म्हटलं की झिरी पाडणं, बुजवणं, पुट्टी आणि त्या भिंतीचा रंग मिळून पाच-सात हजार सहज जातात, आणि पंधरवडाभर घरात धूळ. तरीही बहुतेक घरांत इंटरनेटचा पहिला विचार होतो तो फायबरवाला ड्रिल घेऊन दारात उभा राहिल्यावर. मग मुख्य दाराच्या चौकटीवरून, छताच्या कडेकडेने क्लिपा ठोकत वायर टीव्हीपर्यंत येते आणि नव्या घराची शोभा पहिल्याच आठवड्यात उतरते.

म्हणून खर्चाचा क्रम ठरवून घ्या: आधी पाइप, मग वायर, सगळ्यात शेवटी यंत्रं. जाहिराती आणि शोरूम नेमका उलटा क्रम शिकवतात. पुढचे आकडे ठाणे-डोंबिवली पट्ट्यात कोटेशन मागताना हाताशी असावेत म्हणून दिलेले अंदाज आहेत. ब्रँडनुसार ते वरखाली होतील.

पुनर्विकासात असाल तर

नौपाड्यात किंवा डोंबिवली पूर्वेला जुनी इमारत पाडून नवी होत असेल, तर तुमच्याइतकी चांगली संधी कुणालाच नाही. भिंती अजून उभ्याच राहिलेल्या नाहीत. पर्यायी जागेच्या करारात सुविधांची यादी असते. तिच्यात ‘बैठकीत व शयनगृहात टीव्ही आणि टेलिफोन पॉइंट’ ही ओळ वर्षानुवर्षं एका करारातून दुसऱ्यात उतरत आली आहे. लँडलाइन गेली, ओळ तशीच आहे. ती बदलून घ्या. प्रत्येक खोलीत इंटरनेटच्या वायरीचा (कॅट-६) एक पॉइंट, पॅसेजच्या छतात एक, मुख्य दाराबाहेर एक, आणि मजल्यावरच्या शाफ्टपासून घरातल्या एका पेटीपर्यंत रिकामा पाइप, एवढं लिहून मागा. स्लॅब पडण्याआधी विकासकाला हा खर्च किरकोळ असतो आणि साठ सभासदांनी एकत्र मागितलं तर तो सहसा घासाघीस करत नाही. पुनर्विकासासाठी राज्य सरकारने सहकारी संस्था कायद्याच्या ७९ अ कलमाखाली ४ जुलै २०१९ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायट्या त्यांतल्या सभा आणि निविदांच्या अटींवर तासन्‌तास खल करतात, पण इंटरनेटचा पाइप अजेंड्यावर येत नाही. तुम्ही आणा.

त्याच सभेत आणखी एक मुद्दा मांडा. इमारतीत किमान दोन-तीन कंपन्यांचं फायबर येईल एवढी जागा शाफ्टमध्ये ठेवायची आणि कुणा एकाला मक्तेदारी द्यायची नाही. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारे देण्याचे नियम आणले. ते ऐच्छिक आहेत, पण ‘आपण हे रेटिंग घेणार का’ हा प्रश्न विकासकाला विचारायला हरकत नाही.

नव्या टॉवरचा ताबा मिळाला असेल तर

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा पलावासारख्या वसाहतीत फ्लॅट असेल, तर आधी भिंत वाजवून पाहा. यातल्या कितीतरी इमारती मिवान पद्धतीच्या आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या. आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. तिथे झिरी पाडायची नसते. सळईला धक्का लागतो, आणि उद्या गळती निघाली तर बिल्डरला बोट दाखवायला आयती जागा मिळते. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. एका वायरीसाठी हा हक्क वादात घालू नका.

या काँक्रीटमुळेच वाय-फायही अडखळतं. वेगवान ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल दोन भिंतींतच दमतो, २.४ गिगाहर्ट्‌झचा थोडा पुढे जातो, पण त्या पट्ट्यावर शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी असते.

मग करायचं काय? बिल्डरने दिलेला टेलिफोनचा पाइप वापरायचा. त्यातल्या जुन्या बारीक वायरीच्या टोकाला कॅट-६ बांधायची आणि दुसऱ्या बाजूने ओढायची. पाइप दबलेला नसेल तर पॉइंटमागे मजुरी पाचशे ते हजार रुपये, वायर आणि प्लेट वेगळी. हे न सुचवता थेट महागडा ‘मेश’ संच, म्हणजे एकमेकांना जोडलेले वाय-फायचे दोन-तीन डबे, विकणारे दुकानदार बरेच आहेत. मेश वाईट नाही, पण त्याचा दुसरा डबा वायरीने जोडला तरच पैसे वसूल होतात. पाइप नसेल त्या खोलीसाठी पॅसेजच्या पीओपी छतातून वायर न्या. तेही नसेल तर स्कर्टिंगच्या वर पांढरी पट्टी, मीटरला चाळीस-साठ रुपये.

जुन्या घराचं नूतनीकरण असेल तर विटांच्या भिंती मोकळ्या मनाने फोडा, मात्र सोसायटीची परवानगी आणि डिपॉझिट आधी. एक सावधगिरी. कल्याण-डोंबिवली पालिकेच्या हद्दीत बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. कागद पक्के नसतील किंवा घर भाड्याचं असेल, तर भिंतीत पैसा पुरू नका; उचलून नेता येईल तेच घ्या.

दोन बेडरूमचा हिशेब

साडेसहाशे चौरस फुटांच्या घराला पाच पॉइंट पुरतात: टीव्हीमागे, दोन बेडरूममध्ये, पॅसेजच्या छतात, दाराबाहेर. पाइप, झिरी, वायर, बॉक्स, प्लेट आणि मजुरी धरून पॉइंटला दोन ते तीन हजार, म्हणजे दहा ते पंधरा हजार. सगळ्या वायरी जिथे येतात ती पेटी दीड ते तीन हजार. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच दीड ते अडीच हजार. छतावरचा वाय-फायचा डबा तीन ते सात हजार. राउटरचा छोटा यूपीएस दीड ते अडीच हजार. बेरीज साडेसतरा ते तीस हजार. कुणी याच घरासाठी लाखाचं कोटेशन दिलं तर प्रत्येक ओळीचं कारण मागा.

पेटी प्लास्टिकच्या दाराची घ्या. लोखंडी पेटीत राउटर ठेवला की सिग्नल तिथेच कोंडतो. घरात इन्व्हर्टर असेल तर पेटीतला सॉकेट त्याच्या लाइनवर घ्या, यूपीएसचे पैसे वाचतील. पावसाळ्यात महावितरणची वीज गेल्यावर फायबर सहसा चालूच असतं, बंद पडतो तो आपला राउटर. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पेटी छाती-खांद्याच्या उंचीवर बसवावी. २६ जुलै २००५ चं पाणी पाहिलेल्या कल्याणकरांना याचं कारण सांगायला नको.

फसवणूक सगळ्यात जास्त होते ती वायरीत. अस्सल तांब्याच्या कॅट-६ चं ३०५ मीटरचं खोकं साधारण आठ ते अकरा हजारांना पडतं. कुणी निम्म्या भावात देत असेल तर आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा, हे समजून चाला. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा. वायरीतूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्याला जोडली की अशी तार तापते. एका फ्लॅटला शंभर मीटरसुद्धा लागत नाही, त्यामुळे मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून एक खोकं घ्यावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचंच असेल तर या खोक्यासाठी जा. दोन प्लेटांसाठी लोकलचा प्रवास परवडत नाही.

इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी आधीच सांगा. ही वायर विजेच्या पाइपात घालायची नाही, पाइप वेगळा हवा. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड हवा. आणि प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढायचा. काम झाल्यावर लॅपटॉप प्रत्येक पॉइंटला लावून पाहा. जोडणी १ जीबीपीएस दाखवायला हवी. १०० एमबीपीएसवरच थांबली तर आठपैकी एखादी तार बसलेली नाही. हे होईपर्यंत दहा-पंधरा टक्के रक्कम हातात ठेवा.

ऑटोमेशनचं काय

इथे माझं मत थोडं कंजूष आहे. भिंत उघडी असताना दोनच गोष्टी करा: प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल आणा आणि बॉक्स खोल बसवा. जुन्या घरांत नुसत्या स्विचच्या बोर्डात फक्त फेज असतो, आणि बहुतेक स्मार्ट मॉड्यूल न्यूट्रलशिवाय चालत नाहीत. यासाठी बोर्डामागे शे-दोनशे रुपये जास्त लागतील. पडद्याची मोटर हवीशी वाटली तर पेल्मेटजवळ एक पॉइंट. बाकी सगळं दोन वर्षांनीही घेता येतं, आणि तोवर स्वस्त होतं.

आत्ताच घ्यायचं तर गिझर आणि एसीसाठी १६ अँपियरचा स्मार्ट प्लग, हजार ते दीड हजार. लोकल मुंब्र्याला पोचल्यावर ‘गिझर बंद केला का’ हा प्रश्न पडणाऱ्यांना ते पुरेसं आहे. आई-वडील दिवसभर एकटे असतील तर दाराची कॅमेरा-बेल, पाच ते पंधरा हजार. चार स्विचचं मॉड्यूल अडीच ते साडेचार हजारांत येतं. सहा बोर्डांना लावलंत तर पंधरा ते सत्तावीस हजार. ते निवडताना दुकानात दोन प्रश्न विचारा. इंटरनेट गेल्यावर चालेल का? आणि आजी हाताने बटण दाबेल तेव्हा दिवा लागेल का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर पुढच्या दुकानात जा. स्मार्ट उपकरणांसाठी २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या सामाईक मानकाची खूण असलेली वस्तू घेतली तर एकाच कंपनीच्या ॲपला बांधलं जाणं टळतं. दाराबाहेरचा कॅमेरा शेजाऱ्याच्या दारावर रोखू नका, आणि सोसायटीला लेखी कळवा.

कोटेशनवर वायरीचा ब्रँड, ‘शुद्ध तांबं’ हे शब्द, पॉइंटची संख्या, चाचणीची अट आणि जीएसटी धरून रक्कम लिहून घ्या. काम बिघडलं आणि कंत्राटदार फोन उचलेनासा झाला, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर दोन वर्षांच्या आत ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. प्लास्टरआधी काढलेले फोटो तक्रारीला जोडा.