कुणी गेस्ट पास देऊ केला तर : नव्याने अमेरिकेत आलेल्यांसाठी

शिकागो, अटलांटा, डॅलस किंवा न्यूअर्कच्या आसपास राहायला आलात, तर मराठी मंडळाच्या गणपतीत किंवा मुलांच्या शाळेत युनायटेड, डेल्टा नाहीतर अमेरिकन एअरलाइन्समध्ये नोकरी करणारे कुणी ना कुणी भेटतेच. ओळख वाढली की एक दिवस ते आपणहून विचारतात, "आमचे दोन पास उरलेत, कुठे जाणार असाल तर सांगा." नवख्या माणसाला वाटते, लॉटरी लागली. जुनी कुटुंबे आधी विचारतात, "सोमवारी ऑफिस आहे का?" या पासवर अनेकदा फिरलेल्या आणि अनेकदा विमानतळावरून हात हलवत परत आलेल्या घरांच्या सूचना इथे एकत्र केल्या आहेत.

पास म्हणजे नेमके काय

विमानकंपनीच्या कर्मचाऱ्याला, त्याच्या जोडीदाराला, मुलांना आणि आईवडिलांना रिकाम्या सीटवर फुकट किंवा नाममात्र पैशांत जाता येते. मित्र आणि इतर नातेवाईक यांच्यासाठी वर्षाला ठरावीक गेस्ट पास मिळतात. त्यांनाच बडी पासही म्हणतात. त्याचे भाडे बहुधा अंतरावर ठरते, वर कर असतात. म्हणून आधी नेहमीच्या तिकिटाचा भाव बघा. जवळच्या शहरांसाठी सेलमधले पक्के तिकीट कधीकधी पासपेक्षा स्वस्त पडते.

हा लाभ कंपनीच्या स्वतःच्या नोकरदारांचा आहे. भारतीय आयटी कंपनीमार्फत तिथे काम करणाऱ्या कंत्राटी माणसाला तो सहसा नसतो. 'ते युनायटेडमध्ये आहेत ना' एवढ्यावर कुणाकडे शब्द टाकू नका, समोरच्याची पंचाईत होते.

रांग कशी चालते

रेल्वेच्या वेटिंग लिस्टची सवय असलेल्याला ही पद्धत ओळखीची वाटेल, पण एक मोठा फरक आहे. रेल्वेत तुमचा नंबर एकदा वर सरकला की खाली जात नाही. इथे विमान सुटेपर्यंत तुमच्या पुढे नवी नावे घुसू शकतात. पैसे भरून तिकीट काढलेले आणि कनेक्शन चुकलेले प्रवासी आधी. ड्यूटीसाठी दुसऱ्या शहरात पोहोचवायचे पायलट आणि क्रू आधी. मग सुट्टीवर निघालेले कर्मचारी, त्यांची कुटुंबे, त्यांचे आईवडील. सगळ्यांत शेवटी पाहुणे, म्हणजे आपण. पाहुण्यांमध्येही क्रम असतो : युनायटेड आणि डेल्टात तो बहुधा पास देणाऱ्याच्या नोकरीच्या ज्येष्ठतेवर ठरतो, तर अमेरिकनमध्ये कोणी आधी चेक-इन केले त्यावर. अमेरिकनचा पास असेल तर चोवीस तास आधी चेक-इन उघडताच फोन हातात हवा.

तिकिटाच्या साइटवरच्या सीटच्या नकाशावर विसंबू नका. तिथे रिकाम्या दिसणाऱ्या सीट बऱ्याचदा विकल्या गेलेल्या असतात, फक्त कुणी निवडलेल्या नसतात. खरा आकडा पास देणाऱ्यालाच त्यांच्या आतल्या यंत्रणेत दिसतो. 'किती सीट मोकळ्या आहेत आणि आमच्या पुढे किती जण लिस्टेड आहेत', हे दोन्ही विचारा. आठ सीट आणि पुढे बारा नावे असतील तर बॅग भरायची घाई नको.

लांबच्या विमानांत आणखी एक भानगड असते. समोरून जोराचा वारा असला, धावपट्टीवर उष्णता असली किंवा वळसा घालून जावे लागत असले, तर इंधन जास्त भरतात आणि वजन कमी ठेवतात. त्या दिवशी सीट रिकाम्या जातात, पण स्टँडबायवाल्याला, म्हणजे या रांगेतल्याला, घेत नाहीत. भारतातून अमेरिकेकडे येताना वारा बहुतेक समोरचाच असतो. त्यात अमेरिकी कंपन्यांना 2022 पासून रशियावरून उडता येत नाही. त्यामुळे दिल्लीहून परतीचे विमान पासवर गाठणे जाण्यापेक्षा अवघड धरा.

कधी जावे, कधी नाही

थँक्सगिव्हिंगचा आठवडा, नाताळ, स्प्रिंग ब्रेक, जुलैच्या चार तारखेचा लाँग वीकएंड हे दिवस विसरा. शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवार तर नकोच. मंगळवार, बुधवार आणि शनिवार त्यातल्या त्यात बरे. दिवसाचे पहिले विमान धरा : पहाटे काही जण उठतच नाहीत, आणि ते हुकले तरी पुढची तीन-चार विमाने हातात राहतात. पहिले गेले की नाव बहुधा आपोआप पुढच्या यादीत जाते, पण गेटवर खात्री करून घ्या. सकाळीच एखादे विमान रद्द झाले, तर त्यातले सगळे तिकीटवाले तुमच्या पुढे येतात. अशा दिवशी दुपारपर्यंत ताटकळण्यापेक्षा घर गाठणे शहाणपणाचे.

भारतात जायचे तर जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत आणि लेबर डेनंतरचा सप्टेंबर त्यातल्या त्यात सोयीचा. शाळा सुटल्यावरचा जून आणि डिसेंबर पूर्ण वर्ज्य. इथल्या मराठी मंडळांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन उन्हाळ्यात असते. त्याला पासवर निघू नका, नाटक सुरू होईल आणि तुम्ही गेटवरच असाल.

गेटवर

गेटजवळच्या पडद्यावर स्टँडबायची यादी दिसते, त्यात आडनावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरे आणि नावाचे पहिले अक्षर असते. देशपांडे आणि देशमुख दोघेही तिथे सारखेच दिसतात. नावही एकाच अक्षराने सुरू होत असले, तर हिरवी खूण कुणाच्या नावापुढे आली हे एजंटला शांतपणे विचारा. बहुतेक नावे विमान सुटण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात निघतात. तेव्हा कॉफीच्या रांगेत किंवा बाथरूममध्ये असू नका. हाक मारून कुणी आले नाही, की सीट पुढच्याला जाते.

एजंटला एकदाच नमस्कार-चमत्कार करून बाजूला बसा. 'आमचे काय झाले' म्हणून दर पाच मिनिटांनी जाऊ नका, वरच्या वर्गाची सीट मागू नका, कंपनीच्या सर्वसाधारण कस्टमर केअरला फोन करू नका. अडचण आली तर पास देणाऱ्याला कळवा. कपडे नीटनेटके ठेवा. 2017 मध्ये डेन्व्हरहून पासवर निघालेल्या दोन मुलींना युनायटेडने लेगिंग्ज घातल्या म्हणून चढू दिले नव्हते. आता नियम बरेच सैल झाले आहेत, तरी फाटकी जीन्स आणि रबरी स्लिपर घरी राहू द्या.

चौघांचे कुटुंब असेल तर निघण्याआधीच ठरवा : दोनच सीट मिळाल्या तर कोण जाणार? एका मोठ्यासोबत एक मूल, अशा दोन जोड्या करा. प्रत्येक जोडीकडे स्वतःचे पासपोर्ट, औषधे, चार्जर आणि खाऊ हवा. गेटवर दोन मिनिटांत हे ठरवायला बसलात, तर मुले रडतात आणि मोठे भांडतात.

सामान

शक्यतो बॅग चेक-इन करू नका. तुम्ही मागे आणि बॅग पुढे, असे घडू शकते. पण केबिन बॅगेचेही नियम आहेत. लोणचे, तूप, चटणीची ओली बाटली शंभर मिलिलिटरच्या वर असेल तर सिक्युरिटीला काढून ठेवावी लागते. परदेशातून अमेरिकेत येताना साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त पूडही केबिनमध्ये अडवली जाऊ शकते. आईने दिलेली भाजणी आणि मेतकूट पिशवीभर असेल, तर तो प्रवास पासचा नव्हे.

अडकलात तर

विमान रद्द झाले, सीट मिळाली नाही, तर हॉटेल, जेवण, नुकसानभरपाई यांतले काही मिळत नाही. पास त्याच कंपनीच्या विमानांवर चालतो, दुसऱ्या कंपनीचे तिकीट स्वतःच्या खिशातून. म्हणून परतीसाठी तरतूद हवी. क्रेडिट कार्डाचे मैल साठले असतील तर दुसऱ्या कंपनीवर मैलांचे तिकीट काढून ठेवा. बेसिक इकॉनॉमी सोडली तर मोठ्या अमेरिकी कंपन्या बहुधा ते रद्द करून मैल परत देतात.

युरोपमार्गे जाणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसा आधी तपासावा. पक्के तिकीट असलेला माणूस तीन तासांत पुढच्या विमानात बसतो, स्टँडबायवाला दोन रात्री अडकू शकतो. विमानतळाबाहेर हॉटेलात झोपायला शेंगेन व्हिसा लागतो. पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिसा संपलेला असेल आणि हातात फक्त एच-वनबीच्या मुदतवाढीचा कागद असेल, तर तो मार्ग टाळाच.

पास देणाऱ्याचा मान

पासचे पैसे बऱ्याचदा त्यांच्याच पगारातून कापले जातात, आणि मित्राला दिलेल्या पासची किंमत त्यांच्या करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते. ते मागायला संकोचतात, म्हणून आकडा विचारून त्याच दिवशी पैसे द्या. त्यावर एक डॉलरही जास्त देऊ नका. पास विकणे हा नोकरी जाण्याइतका गंभीर गुन्हा मानला जातो. शेजारच्या प्रवाशाला 'आम्ही किती स्वस्तात आलो' हे सांगू नका. गेटवर तुम्ही आवाज चढवलात तर तक्रार तुमच्या नव्हे, त्यांच्या नावावर लागते, आणि त्यांच्या आईवडिलांचाही प्रवास बंद होऊ शकतो. आपणहून पास मागू नये, हेही जुन्या घरांचे एकमताने सांगणे आहे.

कधीच नाही

मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाची तारीख असेल, मुंज किंवा लग्न असेल, व्हीलचेअर लागणाऱ्या आईवडिलांना आणायचे असेल, तर पास नको. आणि भारतातून आजारपणाचा फोन आला, तर भाव न बघता मिळेल ते पक्के तिकीट काढा. ज्या दिवशी पोहोचलेच पाहिजे, त्या दिवशी पास कितीही जिवलग माणसाचा असला तरी त्याला 'नको, थँक्यू' म्हणा. त्यांना वाईट वाटत नाही, ते स्वतःही तेच करतात.