पुन्हा बांधलेल्या एंजिनांतील ‘टायमिंग’चे दोष

मोटारीचें एंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधलें, आणि तें सुरूच झालें नाहीं किंवा खोकत खोकत चालूं लागलें, म्हणजे पुष्कळ जण कार्ब्युरेटरास दोष देतात. परंतु अशा प्रसंगीं प्रथम संशय घ्यावयाचा तो ‘टायमिंग’चा, म्हणजे झडपा उघडण्याच्या व ठिणगी पडण्याच्या वेळेचा होय.

उदाहरणादाखल अँबॅसडर मोटारीचें जुनें १४८९ घनसेंटीमीटरचें पेट्रोल-एंजिन घेऊं. या मोटारीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. तथापि तिचें एंजिन शिकणारास फार सोयीचें आहे. यांत चार सिलिंडर असून प्रत्येकांत शोषण, दाब, स्फोट व उत्सर्जन अशा चार क्रिया घडतात. तेवढ्यांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात व कॅमशाफ्टचा एकच होतो. म्हणून दट्ट्या दोनदां माथ्यावर येतो. एकदां दाबाच्या अखेरीस व एकदां उत्सर्जनाच्या अखेरीस. पुढील पुलीवरील खूण मात्र दोन्ही वेळां एकाच जागीं दिसते. पुष्कळशा घोटाळ्यांचें मूळ येथेंच आहे.

आतां तपासणीचा क्रम पाहूं. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरावा व एंजिन हातानें सावकाश फिरवावें. वारा अंगठ्यास जोरानें ढकलूं लागला, म्हणजे दाबाची क्रिया चालू आहे असें समजावें आणि पुलीची खूण जुळेपर्यंत फिरवून थांबावें. नंतर वरचें झांकण काढून चौथ्या सिलिंडरच्या झडपा पाहाव्या. उत्सर्जनाची झडप मिटत असून शोषणाची उघडूं लागली असेल, व दोन्ही जवळजवळ सारख्याच किंचित् उघड्या असतील, तर साखळी बरोबर बसली आहे. शोषणाची झडप बरीच उघडलेली दिसल्यास कॅमशाफ्ट पुढें गेला आहे. उत्सर्जनाचीच अधिक उघडी दिसल्यास तो मागें राहिला आहे. ही परीक्षा घेण्यापूर्वीं झडपांची फट नियमाप्रमाणें असली पाहिजे.

साखळीचा एक दांता चुकला तर काय बिघडतें? समजा, कॅमशाफ्टच्या चक्रास ४० दांते आहेत. एका दांत्याचे ९ अंश झाले. परंतु क्रँकशाफ्टच्या मापानें तेच १८ अंश होतात. एवढ्या फरकानें एंजिन कदाचित् चालेल, पण चढावर ओढ धरणार नाहीं.

झडपा बरोबर ठरल्यावरच ठिणगीकडे वळावें. डिस्ट्रिब्यूटरचें टोपण काढल्यास त्यांतील रोटर पहिल्या सिलिंडरच्या तारेकडे वळलेला असावा. तो नेमका उलट दिशेस दिसल्यास ठिणगी एक पूर्ण फेरा चुकून उत्सर्जनाच्या अखेरीस पडत आहे. त्या वेळीं शोषणाची झडप उघडूं लागलेली असल्यामुळें ज्वाला मागें फिरून कार्ब्युरेटरांतून फटफट आवाज येतो. पुढें तारांचा क्रम पाहावा. या एंजिनांत तो १-३-४-२ असा असून रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. तारा घड्याळाप्रमाणें लावल्यास तीन व दोन यांची अदलाबदल होते.

राहिला थोड्या अंशांचा फरक. ठिणगी उशीरां पडल्यास एंजिन तापतें व जोर कमी होतो. ती फार लवकर पडल्यास भार येतांच आंत ठोके ऐकूं येतात. शिवाय हँडलनें सुरू करतांना तें उलट झटका देतें, आणि अशा झटक्यानें मनगट मोडूं शकतें. म्हणून पुस्तिकेंत दिलेल्या अंशांवर ठिणगी ठरविल्यावांचून हँडलास हात लावूं नये.

येथें एक मोह टाळावा. साखळी चुकलेली असतांही डिस्ट्रिब्यूटर इकडे तिकडे फिरवून एंजिन कसेंबसें चालू करितां येतें. परंतु डिस्ट्रिब्यूटर ठिणगीची वेळ बदलतो, झडपांची नव्हे. त्यामुळें दोष जात नाहीं, केवळ झांकला जातो. कित्येक इतर एंजिनांत तर चुकीच्या वेळीं उघडलेली झडप दट्ट्यावर आदळून वांकते. यास्तव नव्यानें बांधलेलें कोणतेंही एंजिन सुरू करण्यापूर्वीं हातानें पूर्ण दोन फेरे फिरवावें. मध्येंच कठीण अडथळा लागल्यास जोर न करितां थांबावें. आधीं झडपा, मग ठिणगी, आणि सर्वांच्या शेवटीं कार्ब्युरेटर, हा क्रम जो पाळील त्याचे श्रम वांचतील व एंजिनही सुरक्षित राहील.