उलट्या भिंगानें किडीची ओळख

पिकावर कीड दिसतांच औषधाच्या दुकानाकडे धांव घेण्याची चाल आपल्याकडे वाढत चालली आहे. कीड कोणती हें ठरविल्यावांचून केलेली फवारणी पुष्कळदां व्यर्थ जाते, व कित्येकदां उलट अपाय करते. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. तेथें स्थळपाहणीवांचून पंचनामा होत नसे. तोच नियम पिकाच्या कामीं लावावा, असें आमचें मत आहे. परंतु अर्ध्या मिलिमीटरचा कोळी किंवा एक-दीड मिलिमीटरचा फुलकिडा नुसत्या डोळ्यांनीं नीट ओळखतां येत नाहीं. याकरितां अल्प खर्चाची एक युक्ति येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम तत्त्व पाहूं. कॅमेऱ्याचें साधें भिंग दूरचा मोठा पदार्थ जवळच्या लहान पटलावर उतरविण्यासाठीं घडविलेलें असतें. भिंगापुढील अंतर फार, मागील थोडें. बारीक किडा मोठा करून पाहावयाचा तर याच्या उलट स्थिति हवी. किडा भिंगाजवळ व पटल दूर. म्हणून भिंगाचें पुढील तोंड कॅमेऱ्याकडे व मागील तोंड किड्याकडे केलें, कीं तेंच भिंग हें काम उत्तम करूं लागतें. ५० मिलिमीटरचें भिंग असें उलटविल्यास पटलावर किड्याची प्रतिमा जवळजवळ त्याच्या खऱ्या आकाराएवढी उमटते. २८ मिलिमीटरच्या भिंगानें ती सुमारें दुप्पट होते. हा आंकडा भिंगावरच लिहिलेला असतो. तो जितका लहान, तितकी प्रतिमा मोठी, हें ध्यानांत ठेवावें.

आतां साहित्य. ज्यांचे घरीं भिंग बदलतां येणारा कॅमेरा आहे, त्यांनीं रिळाच्या काळांतील जुनें भिंग मिळवावें. त्यावर प्रकाशाचें छिद्र लहानमोठें करण्याची कडी असावी; कारण भिंग उलटें बसविल्यावर कॅमेऱ्याचा व त्याचा विजेचा संबंध तुटतो, व छिद्र हातानेंच फिरवावें लागतें. भिंग जोडण्यासाठीं उलट बसविण्याची कडी विकत मिळते. तिची एक बाजू भिंगाच्या पुढील आट्यांत व दुसरी कॅमेऱ्याच्या तोंडांत बसते. घेण्यापूर्वीं दोन्हीं मापें ताडून पाहावीं.

ज्यांजवळ केवळ मोबाईल आहे, त्यांनींही निराश होऊं नये. निकामी झालेल्या पाळतीच्या कॅमेऱ्यांत (सीसीटीव्ही) आट्यांचें छोटें भिंग असतें. तें काढून, उलटें करून, मोबाईलच्या भिंगासमोर मधोमध जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांत घट्ट बसवावें. चित्राच्या कडा काळ्या येतील. मधला भाग आपल्या कामाचा.

कृति अशी. सकाळीं, किडे थंडीनें मंद असतांना, पान देठासह तोडावें व वारा नसलेल्या जागीं पांढऱ्या कागदावर ठेवावें. शेजारीं मोजपट्टी ठेवावी, म्हणजे किड्याचें माप चित्रांतच येतें. भिंग फिरवून स्पष्टता येत नाहीं. कॅमेराच केसभर पुढेंमागें सरकवावा. स्पष्ट दिसणारा थर फार पातळ असतो, म्हणून छिद्र लहान करावें व आठ-दहा चित्रें घ्यावीं. भिंगाची सावली किड्यावर पडते. ती घालविण्यास एका बाजूस पांढरा कागद उभा धरावा. भिंगाचें मागील तोंड आतां उघडें असतें, तेव्हां त्यास धूळ व औषधाचे तुषार लागूं देऊं नयेत.

चित्रांत काय पाहावें? प्रथम पाय मोजावे. सहा पाय असल्यास कीटक. आठ असल्यास बहुधा कोळी. हा भेद पैशाचा आहे. कोळ्यांवर कीटकांचीं पुष्कळशीं औषधें लागू पडत नाहींत. पायरेथ्रॉइड वर्गाच्या कांहीं औषधांनीं तर कोळ्यांचे शत्रु मरून कोळी अधिकच माजतात. फुलकिड्याच्या पंखांस झालरीसारखे केस दिसतात. मक्यावरील अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण व शेपटाजवळ चौकोनांत चार ठिपके दिसल्यास ती २०१८ सालीं भारतांत प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी समजावी.

शत्रूइतकीच मित्राची ओळख महत्त्वाची. पानावर बारीक देठाच्या टोंकास टांगलेलें पांढरें अंडें बुरशी नव्हे. तें क्रायसोपाचें असतें, व त्याची अळी मावा खाते. ढालकिड्याची काळपट, खरबरीत अळी दिसण्यांत ओंगळ, परंतु तीही माव्याचीच वैरीण. फुगून तपकिरी पडलेला मावा दिसल्यास त्याच्या पोटांत परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत आहे असें जाणावें. अशा पानांवर औषध मारणें म्हणजे आपल्याच राखणदारास शेतांतून हांकलणें होय.

चित्रावरून निर्णय होत नसेल, तर पीक, गांव, तारीख व किडीचें माप लिहून तें कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावें. शब्दांनीं सांगितलेल्या किडीपेक्षां दाखविलेल्या किडीवर तज्ज्ञांचा सल्ला अधिक नेमका मिळतो. गांवांत एक भिंग चार-पांच शेतकऱ्यांनीं मिळून घेतलें तरी पुरे. येत्या हंगामांत पहिल्या फवारणीपूर्वीं वाचकांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.